सुरतेत मी सारवलेलं चित्र

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी अंगणात तूर बडवत होते. पोस्टमनने सायकल ओट्याला टेकवली आणि लगेच वाचायला उभा राहिला. आमच्या घरी पत्र देणं आणि वाचून दाखवणं ही त्याची एकच नोकरी होती. पत्र सुरतेहून होतं, माझ्या नातीचं. मनीषा तेव्हा वीस वर्षांची, चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. तिने लिहिलं होतं की ती एक मोठं चित्र करते आहे, अर्धं विलायती पद्धतीचं आणि अर्धं आपल्या. सोमवारी ते कॉलेजात लागलं पाहिजे. लागलं नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर पप्पा कॉलेज बंद करून साड्यांना लेस लावायच्या कामाला बसवणार. तेव्हा आजी, तू ये. पण चित्र पुरं होईपर्यंत बघायचं नाही.

अर्धं विलायती चित्र म्हणजे काय, ते पोस्टमनलाही सांगता येईना. मग त्याने चहा घेतला आणि तो गेला.

जायचं मी त्याच दिवशी ठरवलं. गावात सांगितलं, नातीचं चित्र बघायला जाते. ते खरंच होतं, पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. माझा मुलगा दिलीप, म्हणजे मनीषाचा बाप, बारा वर्षांपूर्वी कापडाच्या लूमवर कामाला म्हणून बायकापोरांसकट सुरतेला गेला. आधी दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, यायचा. गेल्या दोन आखाज्या आला नव्हता. माणूस लांब गेला की आपण त्याच्या मनात केवढ्या उरतो, ते एकदा जाऊन बघावं म्हटलं.

ही गोष्ट नव्वदच्या सालांतली. सुरतेच्या प्लेगला दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगते आहे आणि तीच मनीषा टाइप करते आहे. आता तिच्याच केसांत पांढरं आलंय. मध्येच थांबून हसते. हसू लिहीत नाही, एवढं बरं.

गुरुवारी सकाळी दोंडाईच्याला पॅसेंजर धरली. तिकीट किती पडलं ते विचारू नका, त्या पैशात आता चहाचा कपही येणार नाही. ज्यांना या रस्त्याने जायचं आहे त्यांना माझं एकच सांगणं: थंडीत जा आणि डाव्या खिडकीत बसा. सुरतेपर्यंत ऊन मांडीवर बसून येतं, तिकीट न काढता. बरोबर कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा घ्या. गाडी इतक्या ठिकाणी थांबते की भूक तीनदा लागते.

नंदुरबारच्या पुढे जमीन हलके हलके उंच होते. साग दिसायला लागतो. पानं गळून गेलेली, झाडं नुसती उभी, आणि त्यांच्यामधून गाडी अशी जाते की जंगलाला जाग येऊ नये म्हणून कुणी चपला हातात घेऊन चाललंय. डोंगरातल्या बायका टोपल्या घेऊन चढल्या. त्यातल्या एकीने माझ्या ओंजळीत बोरं घातली आणि माझ्याकडून ठेचा घेतला. ती काय बोलते ते मला कळत नव्हतं, मी काय बोलते ते तिला. तिखट लागल्यावर मात्र दोघींनी एकच आवाज काढला.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. समोरचा माणूस म्हणाला, मावशी, या बाकाच्या एका टोकाला बसलं की तुम्ही महाराष्ट्रात, दुसऱ्या टोकाला सरकलात की गुजरातेत. मी म्हटलं, आणि मधोमध बसलं तर? तो म्हणाला, मग कुणीच उठवत नाही. हे मला फार आवडलं. पुढे बारडोलीकडे ऊस लागला, गुळाचा वास डब्यात शिरला आणि मला डोळा लागला. स्वप्नात मी त्या बाकावर बसले होते आणि बाक चालत होता.

दिलीप राहतो त्या लिंबायतला जायचं तर सुरत स्टेशनापर्यंत जाऊ नका, आधीच्या उधन्याला उतरा. दिलीप फलाटावर उभा होता. लूमवर काम करणारी माणसं मशीनच्या आवाजात ओरडून नाहीतर हातवारे करून बोलतात, आणि मग ती सवय घरीही सुटत नाही. पाया पडून त्याने मला हातानेच विचारलं, जेवलीस का. मीही हातानेच सांगितलं. रिक्षावाल्याने गुजरातीत "बेसो, बा" म्हणून जागा करून दिली. संक्रांत होऊन गेली होती. तारांवर फाटके पतंग लटकत होते, लाल, हिरवे, जांभळे, आणि वारा आला की सगळा रस्ता वरून हलायचा. प्लेगच्या वेळी घाबरून खानदेशात उतरलेली माणसं मी पाहिली होती. त्यांनी सांगितलेली सुरत आणि ही सुरत एक नव्हती. रस्ते झाडलेले, कोपऱ्यांवर पांढरी पूड टाकलेली. मी दिलीपला म्हटलं, तुमच्या शहराला सासू आलेली दिसते.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. फरशी इतकी गुळगुळीत की मला पाय मोजून टाकावे लागले. माझी सून शोभा भाकरी टाकत होती. आतल्या खोलीत एक मोठं कापडी चित्र भिंतीकडे तोंड करून उभं होतं. तेलरंगाचा वास येत होता, रॉकेलसारखा, जरा गोड. मनीषा म्हणाली, आजी, तिकडे जायचं नाही. मी म्हटलं, नवरीचं तोंड मुहूर्तावरच बघू.

त्या वेळी मला वाटलं, चित्र म्हणजे तेवढंच.

शुक्रवारी मनीषा मला सुरत दाखवायला निघाली. तुम्ही जाल तेव्हा ज्या क्रमाने आम्ही फिरलो तसंच फिरा. आधी कतारगाम दरवाज्याकडची गोऱ्यांची थडगी. थडगी बघायला कशाला जायचं, असं मीही म्हटलं होतं. पण आत शिरल्यावर आवाज बंदच झाला. बाहेर रिक्षा, आत पोपट. गुडघाभर गवत, आणि गवतात घुमट उभे. चुन्याचे, काळवंडलेले, कमानींचे, दुमजली. इंग्रज आणि डच इथे व्यापाराला आले आणि इथेच मेले, त्यांच्यासाठी बांधलेले. मनीषा कागद काढून बसली. तिने दाखवलं, आजी, हे खांब बघ, हे त्यांच्याकडचे. आणि वरचा घुमट बघ, तो आपल्याकडचा. आमचे सर म्हणतात, दोन देश एका छपराखाली कसे राहतात ते इथे येऊन शिका.

मी म्हटलं, जिवंत असताना भांडले असतील, मेल्यावर समजूत पटली.

ती हसली आणि काढत राहिली. मी एका पायरीवर टेकले. ऊन घुमटावरून खाली सरकत होतं. मला वाटलं, यांच्या आया तिकडे समुद्रापलीकडे बसून राहिल्या असतील. यांना केवढे घुमट मिळाले ते त्यांना कधी कळलंही नसेल. त्यांच्या मनात ही पोरं शेवटपर्यंत निघाली त्या दिवशीएवढीच राहिली असणार.

मग चौकात नानखटाई घेतली. मनीषा म्हणाली, भट्टी डचांनी आणलेली आणि तूप आपलं. तिच्या डोक्यात त्या महिन्यात दुसरं काहीच नव्हतं, सगळीकडे तिला दोन दोन मिसळलेलं दिसत होतं. तापीच्या काठाला हातगाड्यांवर पोंक होता. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतेचे लोक त्यावर बारीक शेव घालतात, लिंबू पिळतात आणि साखरेच्या गोळ्या टाकतात. मी खाऊन बघितला. आपल्या पोरीला परक्या घरात नटून बसलेली बघावं तसं झालं. ओळखते, आणि ओळखतही नाही. थंडी संपली की पोंक संपतो, तेव्हा जायचं तर माघ संपायच्या आत जा.

नदी रुंद होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. आमच्या गावावरून जाणारं पाणी हेच, मनीषाने सांगितलं. म्हणजे मी गाडीने आले आणि ही चालत आली.

शनिवारी रथसप्तमी होती.

रथसप्तमीला सारवलेल्या जमिनीवर सूर्याचा रथ काढायचा, सात घोडे काढायचे, समोर गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवायचं. पन्नास वर्षं केलं. सकाळी उठून मी जागा शोधायला लागले. फरशीवर रथ काढायला मन घेईना. जिन्यात सिमेंट, खाली डांबर. एवढ्या मोठ्या लिंबायतमध्ये मला हाताएवढी माती दिसेना. आणि मग मागच्या गॅलरीत, दोन विटांवर आडवी ठेवलेली एक फळी दिसली. दाराच्या अर्ध्या पल्ल्याएवढी. तिच्यावर गोणपाट चिकटवून शेणमातीने सारवलेलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीने माझ्यासाठी केलं. आजीला सणाला माती लागेल म्हणून दुसऱ्या मजल्यावर माती आणून ठेवली. फक्त बिचारीला सारवता येत नव्हतं. सगळीकडे भेगा पडलेल्या. वर पांढऱ्या रंगाने माणसं काढली होती, काही मोठी, काही चिमुकली. मला वाटलं, हात बसावा म्हणून गिरवलंय. सणाला जुन्यावर नवं काढत नाहीत. आधी सारवायचं, मग काढायचं.

मनीषा चौकट आणायला कॉलेजात गेली होती. शोभा पाणी भरायला खाली होती. गल्लीच्या टोकाला दुधवाल्याच्या म्हशी होत्या, तिथून शेण आणलं. कुंडीतली माती घेतली. आणि मी सारवलं. किती छान सारवलं ते काय सांगू. एक भेग ठेवली नाही. बोटांचे अर्धगोल एकात एक बसत गेले, ओल्या शेणाचा वास त्या फरशीच्या घरात पसरला आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी मुलाच्या घरी आले आहे. मग तांदळाच्या पिठाने रथ काढला, सात घोडे, मध्ये सूर्य. दूध उतू गेलं, तेही पूर्वेला.

मनीषा दुपारी आली. एका पायात चप्पल तशीच राहिली.

"आजी, हे कुणी सारवलं?"

"आणखी कोण सारवणार? तुझी आई शेणाला नाक मुरडते."

ती गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली आणि फळीकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. शोभाने मला आत नेऊन हळूच सांगितलं की ती फळी म्हणजे चित्राचा अर्धा भाग होता. आतलं कापडी चित्र आणि ही फळी शेजारी शेजारी जोडायची होती. पंधरा दिवस लागले होते त्या माणसांना. भेगासुद्धा मुद्दाम पाडल्या होत्या, उन्हात ठेवून ठेवून, कारण सरांना जुनी भिंत हवी होती. जन्मभर मी भेगा बुजवत आले, आणि सुरतेत भेगांचं शिक्षण घेतात.

दिलीप पाळी संपवून आला. त्याने फळी बघितली, पोरीचं तोंड बघितलं. हातवारे केले नाहीत, ओरडलाही नाही. साध्या आवाजात बोलला, म्हणून जास्त लागलं.

"माय, दोन दिवस पाहुणीसारखी बसली असतीस तर काय झालं असतं?"

मी उठले आणि माझी पिशवी भरायला लागले. पिशवीत होतं काय, एक लुगडं आणि भाकरीचं फडकं, पण ते मी फार वेळ भरत होते. केवढी उरले ते बघायला आले होते. कळलं. पाहुणीएवढी.

तेवढ्यात मनीषा आत आली. तिने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली, कापडी चित्राला हात घातला आणि ते भिंतीकडून वळवलं. म्हणाली, बघ आता. मुहूर्त गेलाच आहे.

मी चित्राची जाणकार नाही, पण मी दचकले. ते लूमचं खातंच होतं, दिलीपचा कारखाना. ट्यूबलाइटचा उजेड दोऱ्यांवर पडलेला, खाली तेलाचे डाग, हवेत कापसाची कुसं. लूमची रांग माझ्या पायापासून निघून आत आत जात होती, लहान लहान होत. पहिल्या लूमवर दिलीप, पाठमोरा, अंगातला बनियन घामाने चिकटलेला. हात लावला तर पाठ गरम लागेल असं. आणि रांगेच्या पार शेवटी एक दार, दारात बाहेरचं पिवळं ऊन, आणि त्या उन्हात एक बाई. माझ्या अंगठ्याएवढी.

"ही कोण?"

"तू."

"एवढीशी?"

"तू लांब आहेस ना, आजी. लांबचं लहान दिसतं. हा तिकडचा नियम आहे, आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

मी तिला विचारलं, फळीवरची माणसंही म्हणूनच लहानमोठी काढली होतीस का. ती म्हणाली, हो, दोन्हीकडे एकच नियम हवा ना.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. माझ्या सासूने त्याच्या शेजारी घरातली सगळी माणसं काढायची रीत लावली, आणि ती मी चालवली. मनीषा लहानपणी माझ्या मांडीवरून ती भिंत बघायची. तीच भिंत तिने आठवून काढली होती, पण चुकीची.

मी म्हटलं, "भिंतीवर लांबचा माणूस लहान होत नाही. प्रत्येकाला माझी एक वीत. तू, तुझा बाप, तुझी आई, बारा वर्षं सुरतेत आहात. एकाही वर्षी मी तुम्हाला वितीपेक्षा कमी केलं नाही. तुझे आजोबा तर त्याहून लांब गेले. त्यांनाही वीतच."

दिलीप दारात उभा होता. त्याने ऐकलं. मग तो खाली गेला, आणि बराच वेळ आला नाही.

रविवारी आम्ही फळी घेऊन गच्चीवर गेलो. तिथले लोक गच्चीला अगाशी म्हणतात. मी हात धुऊन बसले होते, पण मनीषाने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. परीक्षा तुझी, हात तुझा. मी फक्त तोंड चालवीन, ते कुठे झिजतंय. तिने नवं सारवण पातळ घातलं. मी सांगत गेले, खरडू नकोस, लहान पोराच्या पाठीला तेल लावतात तसा हात फिरव. पहिल्यांदा ओघळ आले, मग हात बसला. सारवणाच्या खालून माझा कालचा सूर्य आणि घोडे अंधुक दिसत राहिले, धुक्यातून कुणी येतंय असे. मी म्हटलं, आणखी एक हात दे, जाईल. ती म्हणाली, राहू दे, आजी. तो असू दे.

सुकेपर्यंत आम्ही उन्हात पडून राहिलो. वर एक कटलेला पतंग तारेत अडकून उडायचा प्रयत्न करत होता. खालून सगळ्या गल्लीतून लूमचा आवाज येत होता, खटक खटक खटक, आणि डोळे मिटले की तो पाण्यासारखा वाटायचा. मला वाटलं सगळं लिंबायत एक लांबलचक कापड आहे आणि आपण त्याच्या काठावर झोपलोय.

मग ती काढायला बसली. बाजरीच्या काडीला कापूस गुंडाळून दिला, ब्रश नको म्हटलं. माझी माणसं म्हणजे दोन त्रिकोण, चार काड्या आणि एक टिंब. ती घोटे काढायला लागली, मान वळवायला लागली. मी म्हटलं, मान नको वळवू. भिंतीवरची माणसं समोर बघतात. दारात कोण आलं ते त्यांना बघायचं असतं. माप लागलं की मी फळीवर हात टेकवायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि ती दोन्ही टोकांना खूण करायची. माझा फळीवर तेवढाच हात. दिलीप एक वीत, शोभा एक वीत, ती एक वीत, तिचे आजोबा एक वीत. शेवटी तिने माझा हात पुन्हा टेकवला. म्हणाली, तू राहिलीस. सासू गेल्यापासून भिंतीवर मला कुणी काढलंच नव्हतं. मी काढणारी होते ना.

चित्र आणि फळी जोडायला दिलीप आला. पेचकस घेऊन मागे पट्ट्या मारल्या. मनीषाने पुढचं काम सांगितलं: कापडी चित्रातल्या लूमवरून खरे दोरे काढून फळीवरच्या माणसांपर्यंत न्यायचे होते. जरीचे, लूमवरचे उरलेले. ती डिंकाने चिकटवणार होती. दिलीप म्हणाला, डिंक महिन्यात सुटतो. मग तो खाली बसला. लूमवर दोरा तुटला की हे लोक एका चिमटीत गाठ मारतात, डोळ्याला दिसतही नाही. त्याने टाचणीने कापडाला बारीक छिद्रं पाडली आणि एकेक दोरा ओवून गाठ मारत गेला. शेवटचा दोरा त्याने दारातल्या अंगठ्याएवढ्या बाईपासून काढला. मनीषाने हा सांगितला नव्हता. तो त्याने फळीवरच्या वीतभर बाईपर्यंत आणला, गाठ मारली आणि ओढून बघितली.

"माय, ही गाठ सुटत नाही," तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडून. खालच्या गल्लीतसुद्धा ऐकू गेलं असेल.

त्यानंतर मी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

सोमवारी चित्र रिक्षात मावेना. दिलीपने मालाचा टेम्पो आणला, मी मागे चित्र धरून बसले. तुम्ही सुरत बघायला जाल तर एकदा टेम्पोच्या मागून बघा, शहर तुमच्याकडून लांब लांब जातं आणि कुठेही घाई नसते. अकराच्या आत पोचलो. कॉलेजातले सर गुजराती, बारीक, चष्मा कपाळावर. ते चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की मनीषाने माझा पदर धरला. त्यांनी भेगा कुठे गेल्या ते विचारलं. तिने सगळं खरं सांगितलं, सारवण्यापासून. मग ते माझ्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "बा, यह आपने बनाया?"

मी म्हटलं, "हाथ इसका. मेरा तो खाली मुँह चला."

ते हसले. मग जवळ जाऊन त्यांनी तो शेवटचा दोरा बोटाने अगदी हलकेच छेडला, दारातल्या बाईपासून फळीवरच्या बाईपर्यंत. विचारलं, या दोघी एकच ना. मनीषा म्हणाली, हो सर. इथे ती लांब आहे आणि तिथे नाही. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, लगा दो.

ते चित्र तिथे लागलं. पहिलं आलं नाही, बडोद्याला पाठवायला दुसऱ्या एका मुलाचं निवडलं. पण वर्ष गेलं नाही, आणि लेस लावायची गोष्ट दिलीपने पुन्हा काढली नाही.

मंगळवारी उधन्याहून पॅसेंजर. परतीला उजव्या खिडकीत बसायचं, ऊन त्या बाजूला येतं. शोभाने नानखटाईचा डबा दिला. दिलीप आणि मनीषा फलाटावर उभे राहिले. गाडी हलली. मी खिडकीच्या गजाला गाल लावून मागे बघत राहिले. आधी ते दोघं होते तेवढेच होते. मग कोपराएवढे झाले. मग वीतभर. मग दिलीपने हात वर केला, लूमवर करतात तसा, पोचल्यावर कळव, आणि तेव्हा तो माझ्या अंगठ्याएवढा होता. मी अंगठा पुढे धरून बघितला. बरोबर बसला. विलायतेचा नियम खोटा नाही, हे मला मान्य करावं लागलं. नवापूर येईपर्यंत मी तो अंगठा मुठीत मिटून बसले होते.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात तूर तशीच पडली होती. नागपंचमी लांब होती, पण मी भिंतीचा एक तुकडा सारवला आणि पीठ कालवलं. दिलीप एक वीत, शोभा एक वीत, मनीषा एक वीत. मग खाली कोपऱ्यात एक आगगाडी काढली, वाकडी, मला चाकं जमत नाहीत. तिच्या खिडकीत एक बाई काढली, अंगठ्याएवढी.

त्या दिवशी लांब गेले ती मी होते. आखाजीला दिलीप आला, तेव्हा भिंतीसमोर उभा राहून त्याने आधी तीच शोधली.